सोळा जानेवारी १९६७ : फूल की दोन पानं

गोव्याच्या बाबतीत मला लहानपणापासून एकच कोडं पडत आलंय. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यातल्या लोकांनी मतदान करून सांगितलं की आम्हाला महाराष्ट्रात जायचं नाही. आणि त्याच वर्षी मार्चअखेर, म्हणजे जेमतेम दहा आठवड्यांनी, ज्या माणसाने, म्हणजे दयानंद बांदोडकरांनी, महाराष्ट्रात चला म्हणून स्वतःची सगळी राजकीय पत पणाला लावली होती त्याच माणसाच्या पक्षाला त्याच लोकांनी परत सत्तेवर बसवलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं लोकांना नक्की काय हवं होतं तेच कळत नव्हतं. मला वाटतं लोकांना अगदी नीट कळत होतं, त्यांनी दोन वेगळ्या प्रश्नांची दोन वेगळी उत्तरं दिली होती. सरकार माणसाला किती घडवू शकतं आणि कुठे त्याचा हात पोचत नाही हे समजून घ्यायला मला याच्याइतकं चांगलं प्रकरण दुसरं माहीत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

माझं आजोळ पेडण्यातलं. घरात कोंकणी, देवळात मराठी, आणि आजोबांच्या तोंडी अधूनमधून पोर्तुगीज आकडे. आजी भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची, जमीन कसणाऱ्या कुळाच्या घरातली, तिचा धाकटा भाऊ म्हापशाला एका व्यापाऱ्याकडे कारकून. या दोघांची गोष्ट मध्ये मध्ये येईल, कारण पुस्तकातून जे मला कळलं नाही ते या दोघांच्या भांडणातून कळलं.

आधी पोर्तुगीज सरकारने काय करून ठेवलं होतं

गोव्यात पोर्तुगीज राज्य १५१० ते १९६१, म्हणजे ४५१ वर्षं. पण सगळ्या गोव्यात नाही. तिसवाडी, बार्देश, सासष्टी हे तालुके आधीपासून त्यांच्याकडे, याला जुन्या काबिजादी म्हणतात. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण हे बरंच नंतर, अठराव्या शतकात हाती आले, या नव्या काबिजादी. जुन्या काबिजादीत धर्मांतर, इन्क्विझिशन (चर्चची धर्मद्रोहाची चौकशी आणि शिक्षा), देवळं पाडणं हे सगळं झालं, नव्या काबिजादी येईपर्यंत तो जोर ओसरला होता. एकाच सरकारची ही दोन रूपं, आणि जवळजवळ दोनशे वर्षांनी १९६७ च्या मतदानात ही जुनी रेघ परत दिसली.

भाषेचं तर उदाहरण पाठ करून ठेवण्यासारखं आहे. १६८४ साली व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. तीन वर्षांत! ४५१ वर्षांत सुद्धा ते झालं नाही. चुलीपाशी, शेतात, होडीत लोक कोंकणीच बोलत राहिले. पण हुकूम अगदी वाया गेला असंही नाही, कारण कोंकणी कागदावरून गेली. शाळा नाही, दरबार नाही, छापखाना जवळजवळ नाही, आणि मग पिढ्यान् पिढ्या लोकांना स्वतःलाच वाटायला लागलं की आपण बोलतो ती काही खरी भाषा नाही, नोकराचाकरांशी बोलायची बोली आहे. हुकुमाने तोंड बंद झालं नाही पण मनात कमीपणा बसला, आणि माझ्या मते तो जास्त टिकला.

हिंदूंनी कागदासाठी मराठी धरली. पोथी, कीर्तन, नाटक, जमाखर्च, पत्रं, सगळं मराठीत. आणि हे कोणी बाहेरून आणून लादलेलं नव्हतं, फादर स्टीफन्सने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ख्रिस्तपुराण लिहिलं ते मराठीतच लिहिलं, राचोलच्या सेमिनरीतून छापलं गेलं. त्यामुळे मराठी गोव्यात उपरी आहे असं जे म्हणतात ते मला पटत नाही, आणि कोंकणी ही मराठीची बोली आहे असं जे म्हणतात तेही पटत नाही. दोन्ही तिथल्याच.

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याच्या काळात कागदाचा खेळ अजून पुढे गेला. १९३० चा वसाहत कायदा आला, त्यात वसाहत ती वसाहत. मग १९५१ मध्ये घटना बदलून गोवा वसाहत नाहीच, पोर्तुगालचाच समुद्रापलीकडचा प्रांत आहे असं ठरवलं, कारण जगभर वसाहती सोडा म्हणून दबाव वाढत होता. एका रात्रीत पेडण्याचा शेतकरी कागदोपत्री लिस्बनच्या माणसाइतकाच पोर्तुगीज झाला, आणि त्याच वेळी साधी लग्नपत्रिका छापायची तरी सेन्सॉरचा शिक्का लागायचा. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हांनी १९४४ मध्येच गोमंतकीयांच्या अराष्ट्रीयीकरणावर पुस्तिका लिहून ठेवली होती, की ही राजवट माणसाला स्वतःच्याच मातीपासून कशी तोडते.

आणि तरी त्या राजवटीने सोडलेल्या सगळ्याच गोष्टी लोकांनी टाकून दिल्या नाहीत. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा गोव्यात बऱ्याच अंशी आजही चालतो, मुलीला मुलाइतकाच वारसा, लग्नाची सरकारी नोंद. आजीच्या सहीशिवाय आजोबांना जमीन विकता येत नव्हती हे सांगताना आजी ताठ बसायची.

भाऊसाहेबांचं सरकार

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. महाराष्ट्रातल्या लोकांनी त्यासाठी खूप सोसलं होतं, सेनापती बापट, नानासाहेब गोरे सत्याग्रहात होते, १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रहींवर गोळीबार झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत तर बेळगाव, कारवारबरोबर गोव्याचंही नाव घेतलं जायचं. त्यामुळे आपल्याकडे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं की आता गोवा महाराष्ट्रात येणार, विचारायचं काय त्यात. हे गृहीत धरणं पुढे फार महागात पडलं.

डिसेंबर १९६३ मध्ये पहिली निवडणूक झाली. आजीने आयुष्यात पहिल्यांदा मत दिलं ते तेव्हा. काँग्रेसला वाटत होतं मुक्ती आम्ही दिली म्हणजे राज्य आमचंच, पण काँग्रेसची एकच जागा आली आणि तीही दमणमध्ये (गोवा, दमण आणि दीव तेव्हा एकच केंद्रशासित प्रदेश), खास गोव्यात शून्य. सगळ्यात मोठा पक्ष झाला दयानंद बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, लोक म्हणतात मगो, निशाणी सिंह. समोर जॅक सिक्वेरांचा, विलीनीकरणाच्या विरोधातला युनायटेड गोवन्स पक्ष, त्याला १२ जागा. बांदोडकर खाणमालक, पण बहुजन समाजातले, ज्यांना भाटकारांच्या ओसरीवर बसायची सोय नव्हती अशा लोकांतले, म्हणून ते लोकांचे भाऊ, भाऊसाहेब.

भाऊसाहेबांच्या सरकारने पहिलं मोठं काम केलं ते शाळांचं. १९६१ च्या सुमाराला गोव्यात लिहिता-वाचता येणारे जेमतेम तिसेक टक्के. पोर्तुगीज काळात प्रिमेरो ग्राव, सेगुंद ग्राव या पोर्तुगीज प्राथमिक शाळेच्या पायऱ्या, मग पणजीचं लिसेंव म्हणजे माध्यमिक शाळा, हा जिना वरच्या घरांतल्या मुलांसाठी. मराठी शाळा होत्या पण खाजगी, गावातल्या सधन माणसाच्या मर्जीवर. १९६३ नंतर गावोगाव सरकारी प्राथमिक शाळा निघाल्या आणि त्यातल्या बहुतेक मराठी.

माझी आई १९६४ ला अशाच एका शाळेत गेली. शाळा म्हणजे देवळाचा सभामंडप, खांबाला टेकवलेला फळा, खाली सतरंजी, आणि मास्तर वेंगुर्ल्याकडचे. वेंगुर्ला तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात. मास्तर एकटेच राहायचे, आजी त्यांना दुपारी पेज आणि सुका बांगडा पाठवायची. आई पहिल्या दिवशी घरी जायचं म्हणून "हांव वतां" म्हणाली तर मास्तरांनी तिला जवळ बसवून पाटीवर लिहून दाखवलं, मी जाते. "हांव नाही म्हणायचं, मी म्हणायचं." आईला ती पाटी आजही आठवते. ती सांगते की मास्तर मायाळू होते, रागावले अजिबात नाहीत, आणि आमच्या घरात सही करू शकणारी पहिली बाई मी झाले ती त्यांच्यामुळे. पण त्या दिवसापासून शाळेत मी आणि घरी हांव असं दोन दोन माणसं होऊन राहायला लागलो असंही तीच सांगते. दोन्ही वाक्यं ती एका दमात बोलते, आणि दोन्ही खरी आहेत.

म्हणजे बघा, पोर्तुगीज सरकारने कोंकणी बोलू नका म्हटलं आणि काही साधलं नाही. भाऊसाहेबांच्या सरकारने कोणाला काही बोलू नका म्हटलं नाही, नुसती शाळा दिली, अक्षर दिलं, आणि त्या अक्षराबरोबर एक 'आम्ही' पण दिला, आम्ही मराठी, आम्ही शिवाजी महाराजांचे, आम्ही बहुजन. हा मार्ग किती तरी जास्त खोल जातो, कारण त्यात माणसाला काहीतरी मिळालेलं असतं. सक्तीला माणूस पाठ फिरवतो, उपकाराला फिरवत नाही.

दुसरं काम जमिनीचं. १९६४ चा कूळ कायदा आला, कुळांना संरक्षण मिळालं. पुढे मुंडकारांचा, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांचा, कायदा झाला तो १९७५ चा, शशिकला काकोडकरांच्या काळात. पण भाटकाराला विचारल्याशिवाय घराचं छप्पर शाकारता येत नाही ही जी भीती होती ती सैल व्हायला सुरुवात झाली १९६४ पासून.

विलीनीकरण का हवं होतं, आणि का नको होतं

आपल्याकडे हे प्रकरण नेहमी भाषेचं म्हणून सांगतात. भाषा होती, पण आजीच्या तोंडून ऐकलं तर पोटातलं कारण वेगळं होतं. छोटा वेगळा गोवा राहिला तर राज्य कोण करणार? भाटकारच करणार, मग तो ख्रिश्चन असो की सारस्वत. महाराष्ट्रात बहुजनांचं राज्य आहे, तिथे गेलो तर आपल्या पाठीशी कोट्यवधी माणसं असतील. बहुजनांच्या मनातला हा हिशोब होता आणि तो चुकीचा म्हणायची माझी हिंमत नाही, कारण भाटकाराच्या अंगणात चपला काढून उभी मी राहिलेली नाही.

१९६६ च्या चवथीला आजी आणि तिचा भाऊ माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या मांडवाखाली, बसून भांडले, आईला ते भांडण अजून पाठ आहे. मामाआजोबांचं म्हणणं, महाराष्ट्रात गेलो तर आम्ही एका कोपऱ्यातला जिल्हा होणार, शेजारी रत्नागिरी बघ, तिथली माणसं मुंबईला गिरणीत जातात, घराघराला मनीऑर्डरची वाट. "आमची तशीच गत करून घ्यायची?" आणि आपली भाषा पुसून टाकतील, आत्ताच मास्तर हांव म्हणू देत नाहीत. आजी म्हणाली, "भाटकाराच्या दारात उभं राहण्यापेक्षा मुंबईच्या साहेबाच्या दारात राहीन, तो निदान मला ओळखत तरी नाही." मामाआजोबा ताट अर्धं टाकून उठले.

मामाआजोबांच्या बोलण्यात अजून एक गोष्ट होती जी महाराष्ट्रातून कोणाला दिसत नव्हती. मुक्तीनंतर महाराष्ट्रातून डेप्युटेशनवर अधिकारी आले, शिक्षक आले, त्यांची काही चूक नव्हती, पण सरकारी टेबलापलीकडचा माणूस बाहेरचा आणि अलीकडचा आपला असं चित्र रोज दिसायला लागलं. विलीनीकरण झाल्यावर काय होईल याचा नमुना लोकांना आधीच बघायला मिळत होता. आचार्य अत्र्यांसारखी माणसं मुंबईतून जोरदार पाठिंबा देत होती, पण मुंबईतून जितका आवाज चढला तितकी म्हापसा-मडगावची माणसं बिथरली, असं मामाआजोबा सांगायचे.

प्रश्न कोणाला विचारायचा

माझ्या मते सगळ्या प्रकरणातला खरा पेच इथे आहे. जानेवारी १९६५ मध्ये गोव्याच्या विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव केला, मार्चमध्ये महाराष्ट्र विधानसभेनेही केला. मगोचं म्हणणं साधं होतं, आम्ही विलीनीकरण हा मुद्दा घेऊन निवडून आलो, बहुमत आमचं, आता अजून काय विचारायचं.

जॅक सिक्वेरांचं म्हणणं असं की सरकार निवडताना माणूस दहा गोष्टी बघून मत देतो, शाळा, जमीन, जात, उमेदवार. त्या मताचा अर्थ 'माझं राज्यच मिटवून टाका' असा काढता येणार नाही. एवढी मोठी आणि परत न फिरवता येणारी गोष्ट लोकांना थेट विचारा. नेहरूंपासून शास्त्रींपर्यंत आणि मग इंदिराबाईंपर्यंत सगळ्यांकडे त्यांनी हेच लावून धरलं. काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर, शास्त्रज्ञ अनिल काकोडकरांचे वडील, यांनीही दिल्लीत आपलं वजन खर्च केलं. शेवटी डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. स्वतंत्र भारतात जुनागढला १९४८ मध्ये आणि सिक्कीमला १९७५ मध्ये कौल घेतला गेला, पण ते भारतात यायचं की नाही याबद्दल. भारतातच असलेल्या प्रदेशाला शेजारच्या राज्यात जायचं का म्हणून असा थेट कौल विचारला तो गोव्यात.

आणि सिक्वेरांच्या बाजूने अजून एक मागणी होती, कौल होईपर्यंत बांदोडकर सरकारने बाजूला व्हावं. ज्या सरकारला एकच उत्तर हवंय त्याच सरकारच्या हाताखाली कौल झाला तर निकाल कोण मानणार. बांदोडकरांनी डिसेंबरमध्ये राजीनामा दिला, राष्ट्रपती राजवट लागली. या एका गोष्टीसाठी मला भाऊसाहेबांबद्दल फार आदर वाटतो. खुर्चीवर बसून कौल घेतला असता तर अडवणारं कोण होतं? सिक्वेरांची एक मागणी मात्र मान्य झाली नाही, मुंबईत आणि बाहेर असलेल्या गोवेकरांना मत देता आलं नाही.

सहा आठवडे

मतपत्रिकेवर दोन चिन्हं होती. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळा केंद्रशासित प्रदेश. तिसरं काही नाही. वेगळं राज्य हवं असं म्हणणाऱ्याला खूण करायला जागा नव्हती, मराठी हवी पण महाराष्ट्र नको म्हणणाऱ्याला नव्हती, कोंकणी माझी पण भाटकार नको म्हणणाऱ्याला पण नव्हती. इतकं गुंतागुंतीचं जगणं आणि त्यावर फक्त एक फूल आणि दोन पानं.

प्रचारात मला सगळ्यात जवळची वाटणारी गोष्ट म्हणजे राष्ट्रमत. 'गोमंतक' हा मराठी पेपर विलीनीकरणाच्या बाजूने होता आणि त्याच्या विरोधात उभा राहिला तो राष्ट्रमत, तोही मराठीच! चंद्रकांत केणी संपादक, उदय भेंब्रे 'ब्रह्मास्त्र' हे सदर लिहायचे. म्हणजे कोंकणी अस्मितेची लढाई मराठीत लढली गेली, कारण हिंदू वाचक वाचायचा मराठीत, घरी बोलायचा कोंकणीत. फक्त ख्रिश्चनांनी विरोध केला असं म्हणून जे मोकळे होतात त्यांनी हे लक्षात घ्यायला हवं. उल्हास बुयांव आणि बाकीचे कलाकार गावोगाव फिरून कोंकणीत गात होते, ज्या भाषेला लोक नोकरांची म्हणून लाजायचे ती भाषा स्टेजवरून माइकवर ऐकू आली, हे पण बऱ्याच लोकांसाठी पहिल्यांदाच होतं. "आमचें गोंय आमकां जाय", म्हणजे आमचा गोवा आम्हाला हवा, ही घोषणा तर आमच्या पेडण्यात, जिथे फुलाचा जोर होता, तिथल्या पोरांना पण पाठ.

१६ जानेवारीला मतदान झालं. यादीत ३,८८,४३२ मतदार, मत दिलं ३,१७,६३३ जणांनी, म्हणजे ८१ टक्क्यांच्या वर. दोन पानांना १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१. सासष्टीत पानांची रास लागली, पेडण्यासारख्या नव्या काबिजादींत फुलं.

थोडा हिशोब करून बघा. तेव्हा गोव्यात ख्रिश्चन लोकसंख्या अडतीस टक्क्यांच्या वर नव्हती, हिंदू साठेक टक्के. वैध मतांमध्ये पानांना पडली ५५ टक्क्यांच्या वर. मतदान सगळीकडे सारखं झालं असं धरलं आणि एकूण एक ख्रिश्चन माणसाने पानांवर खूण केली असं जरी धरलं तरी बाकीचे सतराएक टक्के हिंदूंमधूनच यायला लागतात, म्हणजे हिंदूंमधल्या चारातल्या एकाने तरी पानं निवडली. माझे मामाआजोबा त्यातले एक.

मार्च

आता मूळ कोडं. मार्च १९६७ अखेर विधानसभेची निवडणूक झाली. कौल हरलेला मगो संपणार असं बऱ्याच जणांना वाटत होतं. मगोच्या जागा आल्या १६, युनायटेड गोवन्सच्या १२, भाऊसाहेब परत मुख्यमंत्री.

शिमग्याला मामाआजोबा पेडण्यात आले तेव्हा आजीने मुद्दाम काही विचारलं नाही. जेवण झाल्यावर तेच म्हणाले, "गोंय राखलें, आतां भाऊंक राखूया." आणि त्यांनी सिंहावर मत दिलं. आजीनेही सिंहावरच दिलं. जानेवारीत एकमेकांच्या विरुद्ध असलेली बहीण-भाऊ मार्चमध्ये एका रांगेत.

मामाआजोबांच्या त्या एका वाक्यात मला माझं उत्तर सापडलं. सरकारने शाळा दिली, जमिनीला आधार दिला, मान दिला, ते लोकांनी मनापासून घेतलं आणि त्याची परतफेड मतांनी केली. पण सरकार पुढे जाऊन म्हणालं की आता तुम्ही कोण हे पण आम्ही सांगतो, आणि तिथे बऱ्याच लोकांनी हात आखडता घेतला. जानेवारीत प्रश्न होता आपण कोण, मार्चमध्ये प्रश्न होता आपलं कोण. कौल आधी वेगळा घेतला म्हणूनच हे दोन प्रश्न सुटे झाले. एकाच निवडणुकीत दोन्ही विचारले असते तर मामाआजोबांना गोवा आणि भाऊ यांतलं एक सोडावं लागलं असतं.

आणि भाऊसाहेबांनी निकाल मानला. मराठी शाळा चालूच राहिल्या, आई त्याच सभामंडपात चौथीपर्यंत शिकली. १२ ऑगस्ट १९७३ ला भाऊसाहेब गेले तेव्हा आमच्या घरात चूल पेटली नाही असं आई सांगते, मामाआजोबांच्या घरात सुद्धा.

पुढे काय झालं, थोडक्यात

कौलाने महाराष्ट्राचा प्रश्न मिटवला, भाषेचा नाही मिटवला. १९७५ मध्ये साहित्य अकादमीने कोंकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली. १९८६ मध्ये राजभाषेसाठी मोठं आंदोलन झालं, जाळपोळ झाली, माणसं मेली. ४ फेब्रुवारी १९८७ ला राजभाषा कायदा झाला, ३० मे १९८७ ला गोवा २५ वं राज्य झालं, १९९२ मध्ये कोंकणी आठव्या परिशिष्टात गेली.

पण त्या राजभाषा कायद्याची व्याख्या वाचा. कोंकणी म्हणजे देवनागरीत लिहिलेली कोंकणी. मराठीचा सरकारी कामात वापर करायला मुभा ठेवलीय, पण रोमी म्हणजे रोमन लिपीतली कोंकणी, ज्यात शेकडो वर्षं चर्चची प्रार्थना झाली, तियात्र म्हणजे कोंकणी नाटकं लिहिली गेली, साप्ताहिकं निघाली, तिला त्या व्याख्येत जागा नाही. १९६७ मध्ये सासष्टीतल्या ज्या माणसांनी पानांवर खुणा करून कोंकणी वाचवली त्यांच्यातल्या पुष्कळांची कोंकणी रोमीच होती. मला ही गोष्ट खूप लागते. एका सरकारने कोंकणीला कागदावरून काढलं, दुसऱ्याने शाळेतून वगळलं, आणि तिसऱ्याने तिला सन्मानाने कागदावर आणताना तिच्याच अर्ध्या माणसांना बाहेर ठेवलं, आणि त्या तिसऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. प्राथमिक शाळेत अनुदान कोणत्या माध्यमाला द्यायचं यावर १९९० मध्ये भारतीय भाषांच्या बाजूने निर्णय झाला, २०११ मध्ये इंग्रजीलाही अनुदान मिळालं, आणि त्यावरून परत माणसं रस्त्यावर आली. २०११ च्या जनगणनेत गोव्यात मातृभाषा कोंकणी सांगणारे ६६ टक्के, मराठी सांगणारे जवळपास ११.

१६ जानेवारी आता गोव्यात अस्मिताय दीस म्हणून पाळतात. आमच्या पेडण्यात अजूनही काही घरांत त्या दिवशी कोणी फारसं बोलत नाही.

एक प्रसंग सांगते, १९९१ च्या जनगणनेचा. मी तेव्हा आजोळी होते. गावातलेच मास्तर मोठा कागद घेऊन पडवीत बसले होते, आजी तांदूळ निवडत होती, शेजारी पोथी लाल फडक्यात गुंडाळलेली.

मास्तरांनी विचारलं, "आजी, मातृभाषा?"

आजी म्हणाली, "खंयची सांगूं? घरची काय पोथयेची?"

मास्तर म्हणाले, घरची सांगा, आणि त्यांनी कोंकणी लिहिलं. मग त्यांनी सांगितलं की पुढच्या रकान्यात अजून कोणती भाषा येते ते लिहायचंय. आजी म्हणाली मराठी. त्यांनी मराठी लिहिलं. आजीने सूप खाली ठेवलं, पदराला हात पुसले, कागद जवळ ओढून घेतला आणि दोन्ही शब्दांवर बोट ठेवून ते एकेक अक्षर लावत वाचले. वाचायला ती आईच्या पाटीवरून शिकली होती, चाळिशी उलटल्यावर. मग कागद परत देऊन म्हणाली, "जाता," म्हणजे चालेल, आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.